खुलासा : रात्री राउटर बंद ठेवून महिन्याला ४०० रुपये वाचत नाहीत

‘रात्री वायफायचा राउटर बंद ठेवा, वीजबिलात महिन्याला ४०० रुपये वाचवा’ असा मेसेज सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. हेतू चांगला आहे, आकडा मात्र चुकीचा आहे.

पडताळणी घरबसल्या होते. राउटरच्या ॲडाप्टरवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. आमच्याकडच्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर आहे. गुणाकार केला की १२ वॅट, आणि ही कमाल मर्यादा. प्रत्यक्ष वापर सहसा त्याहून कमीच. रोज ८ तास बंद ठेवला तर महिन्याला तीन युनिटही वाचत नाहीत. युनिटमागे १० रुपये धरले तरी ३० रुपयांच्या आतच. अहो, दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याचा खर्च ९० च्या पुढे जात नाही, मग ४०० वाचणार कुठून?

तीन युनिटही जरूर वाचवावीत. पण घरी वयस्कर मंडळी असतील आणि लँडलाइन फायबरवर असेल, तर राउटरबरोबर फोनही बंद पडू शकतो. वायफायवरचा कॅमेराही. त्यापेक्षा फायबरच्या डब्यातलंच वायफाय घरभर पोचत असेल तर जादा राउटर काढून टाका. सेट-टॉप बॉक्सही भिंतीवरच्या बटणानेच बंद करा. रिमोटने बंद केल्यावरही बरेचसे बॉक्स वीज खात राहतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा हिशेब टाका.