पार्क चौकात बेथोवन आला तर

"हे कसलं शास्त्रीय संगीत? निव्वळ तमाशा आहे," सर म्हणाले आणि परवा सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर वात पेटली. स्पेनमधल्या साबादेल गावचा तो व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनीच पाहिलाय. चौकात एकटा डबल बेस वाजवणारा, पोरगी टोपीत नाणं टाकते, तो वाजवायला लागतो, आणि बघता बघता अख्खा चौक बेथोवनची नववी सिम्फनी गायला लागतो. रफिकनं लगेच पाचर मारली, "बँकेची जाहिरात आहे बे ती. २०१२ ला बँकेला १३० वर्षं झाली म्हणून केलेली."

"असू दे की," शिवानंद म्हणाला. "आपल्याकडं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला डीजे लागतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात, ते चालतं. बँकेनं बेथोवन ऐकवला तर लगेच जाहिरात?"

शिवानंद टॉवेलचा व्यापारी आणि सरांचाच विद्यार्थी. सरांचं म्हणणं, गाणं ऐकायला तयारी लागते. हे वाक्य ते दर चर्चेत डोळे मिटून म्हणतात.

"तुम्ही मला समूहगीतातनं काढला होता, आठवतंय का?"

"तू बेसूर होतास."

"होतो की. म्हणून कान पण काढून घेतले का?"

सरांनी मग हुकमाचं पान टाकलं. १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, नामांकित व्हायोलिनवादक जोशुआ बेल साध्या कपड्यात स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन घेऊन उभा. ४३ मिनिटं वाजवलं, १,०९७ माणसं समोरून गेली, थांबली ती सात. व्हायोलिनच्या पेटीत पडले ३२ डॉलर. "तीन दिवस आधी बोस्टनचा हॉल त्यानं भरवला होता. रस्त्यावर बाखच्या संगीताची ही किंमत होते!"

"सर, वेळ सांगा की वेळ. सकाळचे आठ. लोकांना ऑफिस गाठायचं होतं. हुतात्मा एक्सप्रेस सुटायच्या टायमाला प्लॅटफॉर्मवर तुम्ही तरी थांबाल का? आणि त्यातली पोरं? दिसेल ते लहान पोर थांबायला बघत होतं, आईबापच ओढून नेत होते. ते का सांगत नाही? २०१४ ला त्याच गावात युनियन स्टेशनवर त्याच माणसानं आधी सांगून वाजवलं, तेव्हा कशी गर्दी झाली?"

सर गप्प. मला शिवानंदचं शंभर टक्के पटतं. त्या सकाळी माणसांना घाई होती, एवढंच त्या प्रयोगातनं कळतं. त्यांना गाणं कळत नाही, हे कुठं सिद्ध झालं?

सरांचा पुढचा मुद्दा मात्र वजनदार होता. तिकडच्या संगीतात सगळं लिहून ठेवलेलं असतं, प्रत्येकानं आपली ओळ वाजवायची. कोपनहेगनच्या स्टेशनात २०११ ला रावेलचा 'बोलेरो' जमला, कारण त्या रचनेत एकेक वाद्य वाढतच जातं. आपल्याकडं एक गवई आणि त्याचा आलाप. "तानपुरा जुळेपर्यंत गाडी कुर्डुवाडीला पोचेल!"

"मग आलाप नका घेऊ. मध्यलयीतली बंदिश धरा. सनई-चौघड्याला कुठला हॉल लागतो? आणि भीमसेन? अकराव्या वर्षी गदगातनं पळालेलं पोर टीसीला, प्रवाशांना गाणी ऐकवत ग्वाल्हेरला गेलं. डब्यात काय गाद्या-लोड होते?"

हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाची पायरी एकदाही न चढलेली कितीतरी माणसं या गावात आहेत. आत जावं की नाही, आपल्याला कळेल की नाही, या धास्तीनंच ती लांब राहतात. गाणं एकदा स्टँडवर त्यांच्यापर्यंत चालत यायलाच पाहिजे.

"तुम्हीच सुरुवात करा सर," रफिक म्हणाला. "संध्याकाळचा राग कुठला?"

"पूरिया धनाश्री."

"लावा."

सरांनी कानाला हात लावला आणि खालचा निषाद धरला. खरंच छान धरला. इतक्यात दुचाकीवरचा एक पोरगा समोर येऊन थांबला. शिवानंद कुजबुजला, "सातातला एक आला!" सरांचा सूर आणखी लांबला, मान डोलायला लागली.

पोरगा म्हणाला, "काका, आसरा चौकाला कुठनं जायचं?"

"सात रस्त्याला जा, तिथं विचार," सर त्याच सुरात म्हणाले.

रफिकला चहाचा ठसका लागला. "सर, जरा गंधारापर्यंत तरी धरून ठेवायचा होता त्याला!" मग सरही हसायला लागले, आणि चर्चा तिथंच राहिली.