आमच्या डोंबिवलीत ‘रहाणे’ ही शिवी कधीपासून झाली?

आज संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांचं क्रिकेट चाललं होतं. आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं बॅटिंग करत होतं. रबरी चेंडू टप्पा पडून जरा आत आला, तर त्याने पुढचा पाय टाकला, बॅट सरळ खाली आणली आणि चेंडू जागच्या जागी मारून टाकला. मी चालता चालता थांबले, इतकं सुरेख खेळला तो. आणि कट्ट्यावर बसलेले त्याचे बाबा ओरडले, “अरे रहाणे आहेस का तू? मार की!” म्हणजे आपल्या क्रिकेट संघातल्या अजिंक्य रहाणेसारखा नुसता अडवत बसू नकोस. बाकीचे बाप हसले. पोरगं कावरंबावरं झालं. पुढच्या चेंडूला डोळे मिटून आडवी बॅट फिरवली आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चेंडू खाडकन आपटला. आउट.

तिथे मी काही बोलले नाही. वर येऊन मेथी निवडायला बसले तर हात चालेना. म्हणून लिहितेय.

अहो, डोंबिवलीत? जिथल्या एस. व्ही. जोशी शाळेत तो शिकला, त्या गावात? ज्याची आई धाकट्याला कडेवर आणि ह्याची किटबॅग खांद्यावर घेऊन मैदानापर्यंत चालत जायची, कारण रिक्षाला पैसे नसायचे? लहान वयात ते किट सांभाळत लोकलने सीएसटी गाठणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवंय का? आपण त्याच गाडीला लटकलोय रोज. त्या पार्किंगमध्ये हसणारेही लटकलेत.

मला एक सकाळ सांगायची आहे. जवळच्यांनी आधी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

28 डिसेंबर 2020. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मेलबर्न कसोटीचा तिसरा दिवस, आपल्याकडे पहाटेचे पाच. मी आणि बाबा टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो, कारण आई आत झोपली होती. माझं तेव्हा ऑफिसमध्ये फार वाईट चाललं होतं. हाताखालच्या नव्या मुलाने एका क्लायंटचं रिटर्न भरताना भलतीच फाइल अपलोड केली होती आणि सगळ्यांसमोर, व्हिडिओ कॉलवर, साहेबांनी मला झापलं होतं. वर्षभर ज्या प्रमोशनची वाट बघत होते ते गेलं. त्या मुलाशी मी नऊ दिवस कामापुरतंसुद्धा धड बोलले नव्हते. ‘ओके’, ‘बघते’, बस्स.

तर त्या पहाटे रहाणे 112 वर खेळत होता. त्याआधीच्याच सामन्यात ॲडलेडला आपण 36 मध्ये गुंडाळले गेलो होतो. कोहली घरी परतलेला, शमीचा हात मोडलेला. ह्या सामन्यात 61 वर 2 असताना कॅप्टन म्हणून हा आला आणि भिंतीसारखा उभा राहिला. जडेजा 49 वर होता. त्याने कव्हरकडे चेंडू ढकलला, एकेरी धाव काढायला निघाले, आणि रहाणे काही इंचांनी रनआउट.

स्वतःची चूक नसताना! शतक झालेलं, दीडशे समोर दिसतायत. दुसरा कुणी असता तर बॅट आपटली असती, हातवारे केले असते. मी तर सोफ्यावरून उठून जडेजाला काय काय बोलले. आणि तो माणूस जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं आणि निघून गेला.

बाबा एवढंच म्हणाले, “बघितलंस?”

बघितलं. फार आत जाऊन लागलं.

आता लगेच कुणीतरी कमेंटमध्ये लिहील की ॲडलेडला कोहलीला 74 वर रनआउट कुणी केलं होतं? रहाणेनेच. हो, त्याचाच कॉल चुकला होता, मान्य. पण म्हणूनच तर! अकरा दिवसांपूर्वी ज्याच्या हातून तीच चूक झाली होती, त्याला समोरच्याच्या पोटात काय होतंय ते ठाऊक होतं. मला तेही ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एकदा चुकीचं चलन भरलं होतं आणि माझ्या तेव्हाच्या सीनियर बाईंनी ते गुपचूप निस्तरलं होतं. हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

आता त्या ‘मार की’वाल्यांसाठी. मारत नव्हता तो? 2014 ला मेलबर्नवरच ऑस्ट्रेलियाचा जॉन्सन आग ओकत असताना 171 चेंडूंत 147 कुणी केले? कोहलीबरोबर 262 ची भागीदारी. त्या दिवशी कोहलीपेक्षाही बिनधास्त खेळत होता हा. 2017 ला धरमशालेत, पहिल्यांदाच कॅप्टन, छोटंसं लक्ष्य गाठायचं होतं, तर कमिन्सला सिक्स मारले आणि 27 चेंडूंत 38 करून नाबाद आला. वेळ बघून मारायचा, एवढंच.

आणि लॉर्ड्स. 2014 ची ती हिरवीगार खेळपट्टी, मैदान कुठे संपतं आणि पिच कुठे सुरू होतं ते टीव्हीवर कळत नव्हतं. 7 बाद 145. जोडीला आपला गोलंदाज भुवनेश्वर. आणि हा चेंडू पार डोळ्यांखाली येईपर्यंत थांबतोय. हात शरीराला चिकटून, डोकं स्थिर, चेंडूच्या मागे धावायचं नाही. जरा आखूड पडला की मागच्या पायावर उंच उभं राहून कव्हर आणि पॉइंटच्या मधून असा पंच की फिल्डर वळायच्या आत चेंडू दोरीला. ताकद दिसतच नाही, नुसतं मनगट. बघता बघता 103, आणि त्या सामन्यात आपण इंग्लंडला हरवलं. त्याची बॅटिंग मला आईच्या हातच्या घडीच्या पोळीसारखी वाटते. फार काही केल्यासारखं दिसत नाही, पण जमायला आयुष्य जातं.

12 कसोटी शतकं, त्यांतली 8 परदेशात. आणि ज्या कसोटीत त्याने शतक केलं, ती भारत एकदाही हरला नाही. एकदाही! 2015 ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर सगळे कोसळत होते, त्या अख्ख्या मालिकेत दोनच शतकं झाली, दोन्ही दिल्लीत, दोन्ही ह्याची. सहा कसोटींत कॅप्टन होता, चार जिंकल्या, दोन ड्रॉ.

ठीक आहे, सरासरी 38 ची. मेलबर्नच्या त्या 112 नंतर कसोटीत शतक नाही, फिरकीसमोर अडकायचा, पुढच्या वर्षी खरंच धावा होत नव्हत्या. काढलं संघातून, काढा. पण तो रडला का कुठे? गुपचूप रणजी खेळला. 2023 च्या जूनमध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलला परत आला, बोटावर चेंडू बसलेला असताना 89 केले, आपल्या बाजूने सगळ्यात जास्त. त्यानंतर वेस्ट इंडीजमध्ये दोन कसोटी, आणि संपलं. 85 सामने, 5077 धावा. पुढच्या वर्षी मुंबईला 42 वी रणजी जिंकून दिली कॅप्टन म्हणून. हे त्या कट्ट्यावरच्यांना माहीत तरी आहे का?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय.

मेलबर्ननंतर त्याच दौऱ्यात ब्रिस्बेनही जिंकून मुंबईत परतला तेव्हा बिल्डिंगखाली ढोल-ताशे होते आणि कापायला कांगारूचा केक. त्याने कापला नाही. कांगारू ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्राणी आहे, समोरच्याचा मान ठेवायला हवा, असं नंतर सांगितलं. ब्रिस्बेनला त्यांच्या नेथन लायनची शंभरावी कसोटी होती, त्याला सगळ्या संघाच्या सह्यांची जर्सी दिली, तीही सामना जिंकल्यावर.

त्या 28 तारखेला सकाळी साडेनऊला मी त्या मुलाला फोन केला होता. “बोला मॅडम” म्हणताना त्याचा आवाज कापत होता. मी म्हटलं, अरे झालं ते झालं, पुढच्या महिन्याचं आपण दोघं मिळून बसून करू. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “मॅडम, मी राजीनामा लिहून ठेवला होता.”

आजही अंगावर काटा येतो. बाबांना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला, बोलले काही नाहीत.

मघाशी हे सगळं लिहून परत खाली गेले. पोरगं एकटंच खांबावर चेंडू मारत होतं. त्याला म्हटलं, तो एक चेंडू तू फार छान खेळलास. म्हणाला, “काकू, पण रन नाही निघाला.” उद्या शाळा सुटली की त्याला घरी बोलावलंय, लॉर्ड्सचं ते शतक मोठ्या टीव्हीवर लावणार आहे. त्याच्या बाबांनाही या म्हटलंय चहाला. मेथीचे ठेपले करीन.