एसटी जाते तिथे ट्रेलर जातोच? आधी उतरून बघा

“ट्रेलर घेऊन कोकणात निघालात? तो रटाळ हायवे सोडा. वरंध नाहीतर आंबेनळी घाटाने उतरा. एसटी जाते तिथे ट्रेलर जातोच. गाडीत दम असला की चढाचं टेन्शन नाही आणि उतार तर फुकटचा. अंतर कमी, नजारे जास्त, पावसाळ्यात तर स्वर्गच! खाडी आडवी आली तर गाड्या पलीकडे नेणारी बोट, जंगलजेट्टी, आहेच.”

सुट्ट्या जवळ आल्या की हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानंतर गाडीमागे झोपायच्या सोयीचा भलामोठा ट्रेलर जोडून येणारे पाहुणे आमच्या चिपळूण-गुहागरकडेही दिसू लागलेत. येऊ देत, आनंदच आहे. फक्त हा मेसेज वाचून येऊ नका.

एसटीचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. एसटी अकरा-बारा मीटर लांब. साडेचार-पावणेपाच मीटरची एसयूव्ही आणि मागे सहा-सात मीटरचा ट्रेलर धरला तर लांबी तेवढीच होते. उलट मध्ये सांधा असल्यामुळे सरळ पुढे जाताना ट्रेलर वळणात एसटीपेक्षा किंचित कमीच जागा खातो. हे मान्य. घोळ होतो तो मागे घेताना. हेअरपिन वळणावर समोर ट्रक आला की एसटीचा ड्रायव्हर दोन दमांत गाडी मागेपुढे करून वळण काढतो, कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ करतो. ट्रेलरचं तसं नाही. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. जरा जास्त फिरवलं की गाडी आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडतात आणि ट्रेलरचा कोपरा डिकीला भिडतो. रिकाम्या मैदानात हे शिकता येतं, दरीच्या कठड्यापाशी नाही.

आणि मागे घ्यायची पाळी तुमच्यावरच येणार. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि रिवाजही. देशावरून कोकणात येणारा कायम उतरणाराच असतो! त्यात बऱ्याच ट्रेलरांचे ब्रेक रेट्यावर चालतात. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून जोडणीच्या हुकावर रेटा देतो आणि त्या रेट्याने त्याचे ब्रेक आवळतात. चढावर उलटा ढकलतानाही तोच रेटा बसतो. जुन्या बनावटीचा ट्रेलर असेल आणि मागे घेताना हे ब्रेक लागू न देणारा रिव्हर्सचा खटका लावायला विसरलात, तर तो जागचा हलत नाही, आणि मग क्लच जळल्याचा वास येतो. मागे एव्हाना दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात.

आता तो ‘फुकटचा’ उतार. गाडी, ट्रेलर, माणसं, सामान मिळून साडेतीन टन धरा आणि घाट सहाशे मीटर खाली येतो असं धरा. तेवढं वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने साठ-पासष्ट लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल. थोडी वाऱ्याला जाते, थोडी इंजिन खातं. पण गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर बाकी सगळी ब्रेकच्या डिस्क आणि लायनरांत जाते. आधी करपट वास येतो, मग ब्रेक कमी लागायला लागतो, शेवटी ब्रेक ऑइलला उकळी येऊन त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. रेट्याचे ब्रेक असलेला ट्रेलर तर संपूर्ण उतारभर गाडीला ढकलत असतो, म्हणजे त्याचे लायनर अखंड घासत असतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम इथे तंतोतंत लागू आहे. गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या. ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. मध्ये जागा मिळेल तिथे थांबून हाताची पालथी बाजू ट्रेलरच्या चाकाजवळ न्या, चाकाला लावू नका. एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक धरून बसलाय. (थांबताना चाकाला लावलेला दगड निघताना बाजूला टाका, तो रस्त्यातच सोडायची ट्रकवाल्यांची सवय मात्र उचलू नका.)

दमाबद्दल फार बोलायला नको. आजच्या टर्बो डिझेलला सह्याद्रीची उंची काहीच नाही. तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा. खरं लक्ष हवं सामानाकडे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. जड डबे सगळे मागे रचलेत तर उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक दणकन दाबू नका. पाण्याची टाकी खाली आल्यावर भरा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि पाणी कोकणातही मिळतं.

नजाऱ्याचं म्हणाल तर तो चालवणाऱ्याला दिसतच नाही, त्याचे डोळे आरशात असतात. वरंधला वाघजाईच्या देवळापाशी भजीच्या टपऱ्या, माकडं आणि आधीच लागलेल्या गाड्या, त्यात बारा मीटरचं लचांड उभं कुठे करणार? पावसातल्या ‘स्वर्गा’चं तर विचारूच नका. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, वरंधही बंद पडला. वरंध पावसाळ्यात अवजड वाहनांना, कधी कधी सगळ्यांनाच, बंद ठेवतात.

मुंबईकरांनी मुकाट मुंबई-गोवा हायवे धरावा, कशेडीला आता बोगदा आहे. पुणेकरांनी एक्सप्रेसवेने खोपोली, तिथून पेण. कऱ्हाडकडून कुंभार्ली, कोल्हापूरकडून आंबा. हेही घाटच आहेत, पण इथे ट्रकांची ये-जा असते. अंतर वाढेल, वाढू दे. ट्रेलर खाली मुक्कामी सोडा आणि दुसऱ्या दिवशी नुसती गाडी घेऊन हव्या त्या घाटात जा, भजी खा.

राहिली जंगलजेट्टी. दाभोळ-धोपावे काय किंवा आगरदांडा-दिघी काय, गाड्या चढतात हे खरं. पण ओहोटीला बोट खाली गेलेली असते, आणि धक्क्याचा उतार बोटीच्या फळीला जिथे मिळतो त्या कोनात ट्रेलरचा हूक नाहीतर मागचं बूड खरवडतं. तिकिटाच्या खिडकीवर लांबी आधी सांगा आणि भरतीच्या आसपास जा. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे परवा जाऊन आलेल्याने सांगितलेली वेळ धरून निघू नका.