चिल्लर माणूस

परदेशी नाणी जमवायच्या माझ्या नादाची सुरुवात समोरच्या काकांनी केली. मुलीकडे झुरिचला दोन महिने राहून आले आणि पिशवीच्या तळाशी उरलेली चिल्लर माझ्या ओंजळीत ओतत म्हणाले, "घे. नोटा बदलून मिळतात, नाण्यांना कुत्रं विचारत नाही. तुझ्या पोराला होईल खेळायला." पोरगा सव्वीस वर्षांचा आहे आणि बंगळूरला नोकरी करतो. तेव्हा खेळायला मीच बसलो.

एका नाण्यावर ढाल-भाला घेतलेली बाई उभी आणि वर नाव 'हेल्वेशिया'. चारचारदा भिंगातून पाहिलं, स्वित्झर्लंडचा कुठे पत्ताच नाही. काकांना तिकडे कुणीतरी भलत्याच देशाची चिल्लर टेकवली अशी माझी खात्री पटली, आणि शेजारधर्म म्हणून रात्री साडेदहाला बेल वाजवून मी त्यांना तसं सांगितलंही. काकू त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग कळलं, की हेल्वेशिया म्हणजेच स्वित्झर्लंड. तिथे राष्ट्रभाषा चार. नाण्यावर कुठल्या भाषेत नाव घालायचं यावरून रुसवेफुगवे नकोत, म्हणून कुणाच्याच घरात बोलली न जाणारी लॅटिन घेतली. (आपल्याकडे हा तोडगा निघाला असता, तर लॅटिन कुठल्या लिपीत यावरून मोर्चा निघाला असता.) त्याहून कहर म्हणजे त्यांचं १८७९ सालचं दहा रापेनचं (रापेन म्हणजे त्यांचे पैसे) नाणं आजही चालतं. आपली पावली ३० जून २०११ ला कायमची बंद झाली, तेव्हा घरातली बरणीभर पावली मी रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ते आठवून त्या रात्री झोप लागली नाही. आजार अंगात शिरला तो तिथे.

दर रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागलो. तिथे एक जण ताडपत्रीवर जगभरची नाणी ओतून बसतो आणि मूठमूठ विकतो, भुईमुगाच्या शेंगांसारखी. घरी आणून ओळख पटवायला बसलं, की पहिला फटका सालाचा. नेपाळचं नाणं हाती आलं तेव्हा मी हुरळलो, कारण देवनागरी! वीरेंद्र वीर विक्रम शाह देव, घडाघडा वाचलं. खाली साल २०५१. म्हणजे अजून पाडायचं असलेलं नाणं माझ्या हातात. विक्रम संवत सत्तावन्न वर्षं पुढे चालतो हे कुठेतरी वाचलेलं होतं, पण ऐन वेळी आठवेल तर शपथ. थायलंडचं त्याहून पुढे, २५४० च्या आसपास, कारण ते बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात. सौदीचं हिजरी, चौदाशे नि काही. आणि जपानी माणूस तर नवा बादशहा गादीवर आला की एकपासून मोजायला लागतो. एका तबकात भूत, भविष्य आणि वर्तमान मांडून मी रात्री दीडपर्यंत वजाबाक्या करत बसायचो. बायको पाणी प्यायला उठली, कागदावरचे आकडे बघितले आणि म्हणाली, "अहो, कर्ज काढलंय का?"

जपानी नाण्यांवर मात्र माझा जीव जडला. एक येन अ‍ॅल्युमिनियमचा, वजन बरोब्बर एक ग्रॅम, आणि अलगद ठेवला तर पाण्यावर तरंगतो. हे सिद्ध करायला जेवताना हाताशी पाणी नव्हतं, म्हणून ताकाची वाटी घेतली. ताकावरही तरंगतो. ती वाटी बायकोनं कायमची वेगळी काढली आहे. पाच येनला मधोमध भोक, आणि पाचचा आकडा फक्त त्यांच्या लिपीत, त्यामुळे ते पाच आहेत हे कळायला मला तीन दिवस लागले. पाच येनला ते 'गो-एन' म्हणतात, आणि तोच उच्चार ऋणानुबंधालाही आहे. एवढं कळल्यावर ते नाणं दोन दिवस मी शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो.

आता चिंचेचं प्रकरण. मुठीत एकदा इंग्लंडची जुनी पेनी आली. पुरणपोळीच्या उंड्याएवढी जाड भासणारी, चॉकलेटी काळी. एका बाजूला पंचम जॉर्ज, भोवती आखूड केलेली लॅटिन अक्षरं. शेवटची दोन 'इंड इम्प', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. सम्राटावर एवढी काजळी बघवेना. आई म्हणाली, "चिंच-मीठ लाव, लख्ख होईल." तिच्या हाताखाली साठ वर्षं ताम्हणं-पळ्या उजळल्या आहेत, तिचा शब्द कसा मोडणार? पाऊण तास घासलं. पेनी अशी झळकली की देवघरात ठेवावी. जॉर्जची दाढी थोडी विरळ झाली, मागच्या बाजूच्या ब्रिटानियाचं, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईचं, नाक गेलं. पण आमच्या आजोबांना बेचाळीसच्या चळवळीत जे साधलं नाही ते मी चिंचेच्या बुटकानं करून दाखवलं, अशा ताठ्यात ती बाजारात घेऊन गेलो.

ताडपत्रीवाल्यानं पेनी हातात घेतली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"घासलंत?"

"हो."

"चिंच?"

"आणि मीठ."

तो बराच वेळ गप्प बसला. मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाला, "साहेब, त्यो काळेपणाच तिचा पैसा होता. शंभर वर्षं लागली असतील चढायला. आता हे नाणं नाही ऱ्हायलं. आचमनाला वापरा."

तेव्हापासून मी नाणं कडेनं धरतो आणि आईला त्या खोलीत येऊ देत नाही.

मुठी महाग पडायला लागल्या तशी मी सोसायटीत नजर फिरवली. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक तरी मुलगा अमेरिकेत. पूर्वी हे लोक डिसेंबरात आले की मी जिन्याची वाट बदलायचो. आता पहिला मी भेटायला. प्रवास कसा झाला, तिकडे थंडी किती, सगळं मन लावून ऐकतो आणि चहा संपता संपता म्हणतो, "चॉकलेटं कसली आणता, खिशात काय सुटं असेल ते द्या." मिळतो तो एक सेंट. सगळ्यांकडून एक सेंट. त्यांच्या दहा सेंटच्या नाण्यावर दहाचा आकडाही नाही, नुसतं 'वन डाइम' लिहितात आणि आकारही पाच सेंटपेक्षा लहान ठेवतात. ते देताना लोकांना वाटतं, किरकोळ दिलं. म्हणून ते तरी मिळतं.

मग एके दिवशी आमच्या गणपतीच्या देवळाचे खजिनदार सहज बोलून गेले, की दानपेटीत परदेशी नाणीही पडतात आणि त्यांचं काय करावं कळत नाही. आता दर संकष्टीला पेटी उघडतात तेव्हा मी हजर असतो. नाण्यामागे दहा रुपयांची पावती फाडतात, मी निवडून घेतो. आई सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगते, पन्नाशीत का होईना, मार्गाला लागला. परवा देवळातून परतताना तिनं हळूच विचारलं, "एवढा डोळे मिटून उभा होतास, काय मागितलंस रे बाप्पाकडे?"

खरं सांगवेना. मंगोलिया दे, फिजी दे, काहीही दे, म्हटलं, पण एक सेंट नको. ब्याऐंशी झालेत.