मिनेसोटातलं ‘हरवलेलं’ जंगल: थोडा खुलासा

‘अमेरिकेत मानवी स्पर्श न झालेलं, हजार वर्षांचं जंगल सापडलं’ असा मेसेज फिरतोय. जंगल खरं आहे, बाकी बरंच चुकीचं.

हे मिनेसोटाच्या उत्तर भागातलं ‘लॉस्ट फॉर्टी’, चिपेवा राष्ट्रीय वनातलं, सुमारे 144 एकरांचं. 1882 साली मोजणीदारांनी इथली जागा नकाशावर कॉडिंग्टन तलाव म्हणून दाखवली. तलाव प्रत्यक्षात बाजूला होता. कागदावर पाणी, म्हणून लाकूडतोड कंपन्या तिकडे फिरकल्याच नाहीत. आजूबाजूचं पाइनचं जंगल मात्र साफ झालं. इतकी मोठी झाडं एका चुकीमुळे वाचली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

झाडं हजार वर्षांची नाहीत. जुनी पाइन साधारण तीनशे वर्षांची आहेत. आणि ‘मानवी स्पर्श नाही’ हेही खरं नाही. हा ओजिब्वे या मूळ अमेरिकी लोकांचा मुलूख आहे. शिवाय या जंगलाला अधूनमधून आग लागतेच: लाल पाइनची जाड, खवल्यांसारखी साल जमिनीलगतची आग सोसते. पालापाचोळा जळून माती उघडी पडली, तरच या पाइनचं बी नीट रुजतं. आग पूर्ण थांबवली, तर सावलीत वाढणारी बाल्सम फरसारखी झाडं जागा घेतात. ‘हात लावू नका’ एवढ्यावर हे जंगल टिकणार नाही.