फोटो कापायचाच असेल तर स्वतः कापा

ठाण्याच्या नौपाड्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर-फोटो मांडून द्यायचं काम करते, त्यामुळे 'मॅडम, एवढा फोटो जरा बसवून द्या ना' हे दिवसभर कानावर पडत असतं. आडवा फोटो चौकोनात हवा, कुणीही कापलं जायला नको आणि बाजूला पांढरी पट्टीही नको. मग उरतं काय? ताणणं. ताणला की वाढदिवसाच्या आजोबांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा होतो आणि तरी लोक म्हणतात, 'चालेल, बसला ना!' मला नाही चालत. त्यापेक्षा बिनधास्त कापा. फक्त कात्री ॲपच्या हातात देऊ नका.

ॲप बहुतेक वेळा मधोमध कापतं. सत्कारमूर्ती डाव्या कडेला उभे आहेत आणि मध्ये नुसती समई आहे, हे त्याला कसं कळणार? ट्विटरने २०१८ पासून हे काम यंत्राला शिकवून पाहिलं. फोटोतला लक्ष वेधणारा भाग यंत्रच निवडायचं. २०२० मध्ये लोकांनी बोंब मारली की गोरा आणि काळा चेहरा एकाच फोटोत असला की यंत्र गोऱ्याकडे झुकतं. २०२१ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या तपासणीतही तसा कल दिसला आणि फोटो कसा कापायचा हे माणसानेच ठरवलेलं बरं, असं त्यांनी जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, ते तुमच्या बोटाला दहा सेकंदांत जमतं. मग आळस कशाला?

पाडव्याच्या स्वागतयात्रेचेच फोटो घ्या. लेझीमची रांग सगळे आडवी काढतात आणि इन्स्टाच्या स्टोरीला टाकतात. फोनचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे फोटोचे बारीक ठिपके), स्टोरी ९:१६ ची, म्हणजे रुंदी ९ तर उंची १६. पूर्ण उंची ठेवली तरी ४००० पैकी जेमतेम १७०० पिक्सेल रुंदी उरते. म्हणजे अर्ध्याहून जास्त रांग गेली. दोन मुली आणि तिसरीचं कोपर, एवढीच काय ती स्वागतयात्रा! स्टोरीसाठी फोन उभा धरून एकाच मुलीचा वेगळा फोटो काढा आणि रांग आडवीच पोस्टला ठेवा. उभ्या पोस्टला १०८०×१३५० (४:५) चांगलं दिसतं. सुरुवातीला तिथे फक्त चौकोन चालायचा, २०१५ मध्ये आडवे-उभे फोटो आले आणि २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलवरचे चौकोनही उभट झाले. त्यात जुन्या चौकोनी पोस्टच्या दोन्ही कडा झाकल्या गेल्या. ज्यांनी कार्यक्रमाची तारीख अगदी कडेला चिकटवली होती, त्यांची तारीख गेली. म्हणून अक्षरं कडेपासून आत ठेवा. व्हॉट्सॲपचा डीपी तर गोल, तिथे गुढीचा तांब्या पहिला जातो.

खरा वैताग मात्र परीक्षेच्या फॉर्मचा. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो २००×२३० पिक्सेल, फाइल २० ते ५० केबी. सही १४०×६० पिक्सेल, १० ते २० केबी. पोरं काय करतात? कोऱ्या ए-फोर कागदावर मधोमध सही करतात, अख्ख्या कागदाचा फोटो काढतात आणि एखाद्या साइटवर टाकून केबी उतरवत बसतात. केबी उतरतात, पण सही मुंगीएवढी आणि वर धुरकट. अरे बाळांनो, आधी तो पांढरा कागद कापा! सहीच्या भोवती थोडीशी जागा ठेवून क्रॉप, मग पिक्सेल कमी, आणि केबीकडे सगळ्यात शेवटी बघायचं. याच क्रमाने. क्रॉप केल्याने फोटोचा भाग जातो, रिसाइझने पिक्सेल कमी होतात, कॉम्प्रेसने बारकावे जातात. तिन्ही कामं वेगळी आहेत. आणि कुणी 'डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) ३०० करून द्या' म्हणालं, तर आधी विचारा की छापायचंय का. स्क्रीनवर पिक्सेलच मोजले जातात.

मूळ फोटो मात्र जपून ठेवा. माझ्याकडे फ्लेक्ससाठी येतात ते कापलेले, वर व्हॉट्सॲपमधून दोन-तीनदा फिरलेले फोटो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मी पाय धरते.

आता कापलेलं खरंच जातं का, हेही बघा. गूगल पिक्सेल फोनमध्ये क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाइलमध्येच पडून राहायचा आणि काही प्रमाणात परत काढता यायचा, हे मार्च २०२३ मध्ये उघड झालं. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच घोळ निघाला. दोन्ही दुरुस्त झाले. पॉवरपॉइंटचं मात्र कामच तसं चालतं. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या पीपीटीत चेकचा फोटो लावून खाते क्रमांक क्रॉप केलात, तरी तो आत असतोच. फोटोवर क्लिक करून, पुन्हा क्रॉप दाबून कड ओढली की बाहेर. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेला भाग डिलीट करायची खूण करा, सेव्ह करा, आणि मगच ग्रुपवर टाका.