भांडं भरून ठेवलं की कुत्रा मापात खातो?

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडगा आज हरीण खातो, उद्या ससा, त्यामुळे खाणं हळूहळू बदलायची गरज नाही. एक दिवस उपाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सरळ नवं खाणं द्या. जुलाब झाले तर घाबरू नका, जुन्या खाण्यातलं विष बाहेर पडतंय. मोजत बसू नका, भांडं भरून ठेवा, पोट भरलं की प्राणी स्वतःच थांबतो. आणि हे सगळं नको असेल तर दूध-चपाती आहेच.

पाठवणाऱ्या चौघांपैकी एका मैत्रिणीकडे अडीच महिन्यांचं पिल्लू आहे. म्हणून सविस्तर लिहितेय.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच.’ कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण तो माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर वाढत आला आणि त्याचं पोटही त्याबरोबर बदललं. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. शिवाय हरणावरून सशावर जाणं म्हणजे मांसावरून मांसावरच जाणं. आपण करतो तो बदल वेगळा असतो: पाकिटातल्या चिकन-भाताच्या कोरड्या दाण्यांवरून माशाच्या दाण्यांवर, किंवा वरणभातावरून कोरड्या खाण्यावर. त्यात प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी सगळ्यांचं प्रमाण एकदम हलतं.

दोन वर्षं एकच खाणं खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यातले जिवाणू त्या खाण्याला सरावलेले असतात, स्वादुपिंडातून येणारे पाचक रसही त्याच बेताने येतात. नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला दोघांनाही काही दिवस लागतात. सात ते दहा दिवसांत बदल करा असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं आणि पाऊण जुनं, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण नवं, आणि शेवटी पूर्ण नवं. शी पातळ झाली तर पुढे जायचं नाही. त्याच पायरीवर थांबायचं किंवा एक पायरी मागे यायचं. ज्यांचं पोट नाजूक त्यांना दोन आठवडेही लागतात. मात्र आजारामुळे डॉक्टरांनी एखादं खाणं लगेच बंद करायला सांगितलं असेल, किंवा जुन्या पाकिटाला बुरशी लागली असेल, तर अर्थातच वाट बघायची नाही. रोज घरचं वेगवेगळं खाणारी काही कुत्री एका दिवसातला बदलही सहज पचवतात, हेही मी पाहिलंय. पण तुमचा कुत्रा त्यातला आहे की नाही हे आधी कळत नाही.

‘एक दिवस उपाशी ठेवा.’ कशासाठी? जे खाणं अजून पोटात गेलेलंच नाही, त्याची तयारी रिकामं आतडं कशी करणार? मोठा, निरोगी कुत्रा एक दिवस काढेल. पिल्लू नाही काढू शकत. त्याच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. चिवावा, पॉमेरेनियन अशा लहान जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर काही तासांच्या उपासानेही खाली येऊ शकते. मग पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, वेळेवर लक्षात आलं नाही तर फिट येते.

‘जुलाब म्हणजे विष बाहेर पडतंय.’ या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिला असता. जुलाबात विष बिष काही बाहेर पडत नाही. पडतं ते पाणी आणि क्षार. न पचलेलं खाणं आतड्यात पाणी ओढतं आणि ते शरीराला परत मिळत नाही. दुसरं असं की पिल्लांमध्ये जुलाबाचं कारण खाणं नसून पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो, आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरून आणलेल्या एका पिल्लाला जुलाब लागले, तेव्हा नवं खाणं बाधलं असेल असं समजून मी दीड दिवस थांबले. तो पार्व्हो होता. पिल्लू वाचलं नाही. त्यामुळे पिल्लाला जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्या कुत्र्यालाही रक्त पडत असेल, उलट्या होत असतील, तो पाणी पीत नसेल किंवा जुलाब दोन दिवसांत थांबत नसतील, तर वाट बघू नका.

‘भांडं भरून ठेवा, त्याला त्याचं पोट कळतं.’ काही कुत्र्यांना कळतं. माझ्या तांबीला कळत नाही. ती लॅब्राडोर आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खबर मेंदूला देण्यात या जनुकाचा हात असतो. अशा कुत्र्यापुढे भरलेलं भांडं ठेवायचं आणि त्याने स्वतःहून थांबावं अशी अपेक्षा करायची, हा त्याच्यावर अन्याय आहे.

मापाने काय फरक पडतो याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आणि तेही आयुष्यभर. कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांचा सांधेदुखीचा त्रास उशिरा सुरू झाला. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं किती असतात, हे ज्याने कुत्रा गमावलाय त्याला विचारा.

मग माप काढायचं कसं? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. कुत्र्याचं जे वजन असायला हवं ते तीनदा घेऊन गुणायचं, दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. तांबी नसबंदीनंतर ३४ किलोवर गेली होती, ती हवी २८ किलोची. २८ × २८ × २८ म्हणजे २१,९५२. एकदा वर्गमूळ काढलं की १४८, पुन्हा काढलं की १२.१७. त्याला ७० ने गुणलं की सुमारे ८५० कॅलरी. ही नुसत्या विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी याच्या १.६ पट धरतात, म्हणजे १,३६० च्या आसपास. वजन उतरवायचं म्हणून डॉक्टरांनी तिला ८५० वरच ठेवलं. तिच्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० कॅलरी आहेत, म्हणजे दिवसाला २४० ग्रॅम, दोन वेळात विभागून. आठ महिने लागले.

हे गणित फक्त सुरुवातीपुरतं. खरं उत्तर बरगड्यांवर हात फिरवल्यावर मिळतं. बरगड्या दिसायला नकोत, पण दाबावं न लागता बोटांना लागायला हव्यात. वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी हात फिरवा आणि त्याप्रमाणे दहा टक्के कमी किंवा जास्त करा. पाकिटावरचा तक्ताही असाच सुरुवातीपुरता, घरात लोळणाऱ्या कुत्र्याला तो बहुधा जास्तच होतो.

खाणं बदलताना एक चूक जवळपास सगळे करतात: जुनं जितक्या वाट्या, नवंही तितक्याच वाट्या. जुन्यात १०० ग्रॅमला ३४० कॅलरी आणि नव्यात ४०० असतील, तर रोजच्या ३०० ग्रॅममध्ये १८० कॅलरी जास्त जातात. वाटीही फसवी. कधी शिगोशीग भरते, कधी सपाट. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात, आणि घरात बिस्किट देणारे हात चार असतात.

खोल छातीच्या मोठ्या जातींना, म्हणजे जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन वगैरेंना, दिवसाचं सगळं खाणं एकदम देऊ नका. त्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो, आणि तो पीळ जीवघेणा असतो.

‘दूध-चपाती आहेच.’ दूध तुटल्यावर बऱ्याच कुत्र्यांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते, म्हणून दुधाने जुलाब लागतात. नुसत्या चपातीत वाढीला लागणारं कॅल्शियम आणि पुरेशी प्रथिनं नाहीत. घरचं खाणं जरूर द्या, पण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फोडणीतला कांदा-लसूण आणि मनुका पूर्ण वर्ज्य. घरच्या ओल्या खाण्यावरून दाण्यांवर आणलेला कुत्रा पाणी जास्त पितो तेव्हा घाबरू नका. भातात पाणी भरपूर असतं, दाण्यांत जेमतेम दहा टक्के. दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले तरी चालतात.

पिल्लूवाल्या मैत्रिणीशी तिचा तो मजकूर आला त्याच संध्याकाळी फोनवर बोलले. पिल्लू जिथून आणलं तिथलंच खाणं तिने आठवडाभर चालू ठेवलं, दिवसातून चार वेळा. मग नवं मिसळायला घेतलं. आज चौथा दिवस, अर्धं-अर्धं चाललंय. सकाळी तिचा मेसेज आला: शी घट्ट आहे, आणि वजन या आठवड्यात ३०० ग्रॅमने वाढलंय.